पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षेसोबत उपचारही सक्तीचे असावेत का?

जागल्या: पिऊन गाडी चालवणारा पकडला जातो, दंड भरतो, लायसन्स गमावतो, वेळ आली तर आतही जाऊन येतो. व्यसन असेल तर ते कायम राहतं, आणि लायसन्स नाही म्हणून तो गाडीला हात लावणार नाही याची काय खात्री? दोषी ठरलेल्या प्रत्येकावर व्यसनमुक्तीचे उपचार सक्तीचे करावेत.

सडेतोड: व्यसन आजार आहे, मान्य. पण पिऊन किल्ली फिरवणं हा आजार नाही. आणि कोर्टाच्या धाकाने आलेला फक्त सही करण्यापुरता बसतो.

रातराणी: धाकाशिवाय येतात किती जण, सडेतोड? कुणाला घरच्यांनी ढकललेलं असतं, कुणाला साहेबाने. त्यात कोर्टाची भर.
पण जागल्या, 'प्रत्येकावर' नको. पकडलेला प्रत्येक जण व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे, चाळणी तिथून सुरू करा. खऱ्या व्यसनीला मात्र नुसतं कोठडीत टाकणंही धोक्याचं. दारू एकदम तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो.

सडेतोड: लायसन्स पणाला लागलं असताना त्या १० प्रश्नांची खरी उत्तरं कोण देईल? त्यापेक्षा अमेरिकेतल्या साउथ डकोटाने २००५ मध्ये सुरू केलं ते बरं. सकाळ-संध्याकाळ यंत्रात फुंकायचं, प्यायलेला निघाला की लगेच एक-दोन दिवस आत. रँड संस्थेच्या अभ्यासात, ही योजना आल्यावर पुन्हा पिऊन गाडी चालवल्याच्या अटका काउंटी (तिथला जिल्हा) पातळीवर १२ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. प्रवचन नाही, काही नाही!

रातराणी: श्वासाच्या त्या यंत्रात गांजा किंवा झोपेच्या गोळ्या सापडत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

जागल्या: 'प्रत्येकावर' मागे घेतो, आधी तपासणी.
सडेतोड, पहारा उठल्यावर काय? इंटरलॉकचं बघा. श्वासात दारू असली की इंजिन सुरूच होऊ देत नाही. यंत्र गाडीत असेपर्यंत गुन्हे घटतात, काढलं की तो फायदा बराचसा ओसरतो. पहाऱ्याच्या काळातच समुपदेशन आणि डॉक्टरांनी ठरवलं तर नाल्ट्रेक्सोनसारखं दारूची ओढ कमी करणारं औषध द्यायला हवं. २१५ मूल्यमापनांचा १९९५चा एकत्रित आढावा आहे, त्यात उपचार-शिक्षणाने असे गुन्हे पुन्हा घडण्याचं प्रमाण ७ ते ९ टक्क्यांनी कमी आढळलं.

सडेतोड: सात-नऊ टक्क्यांसाठी एवढा खटाटोप? बरं, उपचार पुरे केले म्हणून लायसन्स लवकर परत देणार का?

जागल्या: अजिबात नाही. उलट बंदी संपली तरी उपचार अर्धवट असतील तर लायसन्स अडवून ठेवा.

सडेतोड: मग माझा विरोध फक्त खर्चापुरता. तो त्याच्याकडून वसूल करा.

रातराणी: आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो उपचाराविना तसाच रस्त्यावर?