दहा वर्षं झाली म्हणून चालता हीट पंप काढायचा?

टिळकवाडीकर

गेल्या आठवड्यात इथे एकानं लिहिलं की पाणी तापवायच्या हीट पंपाला दहा वर्षं झाली, की दुरुस्तीवर रुपयाही घालू नये, सरळ नवा घ्यावा. खाली लोकांनी माना डोलावल्या. ते वाचल्यापासून मला स्वस्थता नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा दोनशे लिटरचा पंप २०१४ चा. गच्चीवर उघड्यावर आहे, अकरा पावसाळे काढलेत त्यानं. गेल्या हिवाळ्यात ऐन थंडीत बंद पडला. पहिला मेकॅनिक आला आणि झाकण न उघडताच म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, मशीन जुनं झालं, ऐंशी हजारांची तयारी ठेवा. मी दुसऱ्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं. आत कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, फुगला होता. वस्तू आणि मजुरी मिळून साडेपाचशे रुपये, आणि संध्याकाळी घरात गरम पाणी. पहिल्याचं ऐकलं असतं तर?

पंप म्हातारा झाला की नाही हे मीटर सांगतं. पंपाच्या लाइनवर वेगळा सबमीटर बसवा. दोनशे लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला ७ युनिट उष्णता लागते. त्यात कोणाची लबाडी चालत नाही. धडधाकट पंप ते काम अडीच युनिट विजेत करतो, बाकीची उष्णता हवेतून ओढतो. तीन-साडेतीन लागू लागले तर कॉइल धुवा, पंखा बघा, गॅस तपासा. एवढं करूनही आकडा पाचाच्या खाली येत नसेल, तर पंपाचं काम संपलं. मी स्वतः काढून टाकेन. फक्त जानेवारीचं रीडिंग मेच्या रीडिंगशी ताडून बघू नका. आपल्याकडे बेळगावात थंडीत पहाटे हवा बारा-तेरा अंशांवर येते, नळाचं पाणीही गार असतं, तेव्हा नवा पंपसुद्धा जास्त वीज खातो.

आणि आपल्याकडे यात गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचा, हिशेब आहे. महिन्याला २०० च्या वर एक युनिट गेलं तरी त्या महिन्याचं सगळं बिल भरावं लागतं. माझा पंप महिन्याला ७५ युनिट घेतो. तो उद्या १३० वर गेला, तर माझं घर २०० ओलांडेल. माझ्यासाठी पंप बदलायची वेळ ती.

उद्यमबाग

मी बावीस वर्षं या मशीनांची कामं करतोय, म्हणून बोलतो. तुम्हाला एकदा साडेपाचशेत काम झालं, त्यावरून अख्ख्या गावाला सल्ला देऊ नका.

मीटर तुम्हाला कॉम्प्रेसर, कॉइल आणि गॅसची तब्येत सांगतं. टाकीची सांगत नाही. आतून कुजलेली टाकी फुटायच्या आदल्या दिवशीही अडीच युनिटच दाखवते. राकसकोप धरणाचं नळाला येणारं पाणी मऊ आहे, ते वापरणाऱ्यांच्या टाक्या टिकतात. पण मार्चनंतर अर्धं शहर बोअरवर असतं. बोअरच्या पाण्यानं तळाशी चुन्याचा थर बसतो, आणि त्यातल्या क्षारांनी वेल्डच्या जागी बारीक छिद्रं पडतात. एनॅमलच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला वाचवते. टिळकवाडीकर, अकरा वर्षांत किती वेळा बदललीत ती कांडी? प्रामाणिकपणे सांगा.

दुसरं, गॅस. जुन्या मशीनांत आर-२२ असतो. १ जानेवारी २०२५ पासून देशात या जातीच्या गॅसवर नवी मशीनं बनवायलाच बंदी आहे, आणि २०३० पर्यंत तो जवळजवळ संपणार. त्याच्या जागी आर-४१० भरून देतो म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्याचा दाब दीडपटीहून जास्त, तेल वेगळं. जुन्या कॉइलला तो सोसत नाही. ज्या मशीनमध्ये दरवर्षी गॅस भरावा लागतो, तिच्यात गळती आहे. गळती न काढता गॅस भरणारा तुम्हाला लुटतोय आणि तुम्ही त्याला चहा पाजताय.

वडगाव माग

दोघांचंही पटत नाही. आमच्याकडे पंप म्हातारपणानं मरत नाहीत, व्होल्टेजनं मरतात. दुपारी माग बंद झाले की व्होल्टेज चढतं, संध्याकाळी १७० वर येतं. कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, नुसता घुमतो आणि तापतो. माझा पहिला पंप चौथ्या वर्षी गेला. चौथ्या! दुसऱ्याला स्टॅबिलायझर लावला, सातवं वर्ष चालू आहे. आणि पाली. उबेला पाल बोर्डात शिरते, दोन टोकांना चिकटून मरते, बोर्ड जळतो. मी सांगूलोय ते ऐका, तारांच्या भोकात सिलिकॉन भरा आणि पंख्याच्या मागं बारीक जाळी लावा. जाळी महिन्याला पुसायची, नाहीतर हवा अडते. माझा बोर्ड नऊ हजारांचा गेला होता. जाळी साठ रुपयांची.

निपाणीकर

इथे सगळे बेळगावचे दिसताय. तुम्हाला मेकॅनिक हाकेवर मिळतो. आमचं ऐका.

मी २०१९ मध्ये कोल्हापुरातून पंप घेतला, कारण निपाणीला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. कॉम्प्रेसरवर पाच वर्षांची वॉरंटी. तिसऱ्या वर्षी कॉम्प्रेसर गेला. कोल्हापूरच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, निपाणी कर्नाटकात, हुबळीला विचारा. हुबळीचे म्हणाले, बिल महाराष्ट्राचं आहे, कोल्हापूरला विचारा. चार महिने! घरात ऐंशीची आई, आणि मी रोज पहाटे चुलीवर पाणी तापवत होतो. शेवटी मशीन टेम्पोत घालून कोगनोळीचा नाका ओलांडला आणि कागलला मेहुण्याच्या अंगणात नेऊन उभं केलं. मेहुण्याच्या नावानं तक्रार नोंदवली. दोन दिवसांत माणूस हजर, कॉम्प्रेसर फुकट.

मशीन तेच, बिल तेच, माणूस तोच. वीस किलोमीटरचा फरक. मीटर आणि कांडीच्या गोष्टी कसल्या सांगता मला?

वडगाव माग

हे १९५६ पासून चाललंय, भावा. माझ्या वडिलांना वीज बिलावरचा अर्ज वाचता येत नाही. कार्यालयात मराठीत विचारलं तर समोरचा कळत असून कळत नसल्यासारखं करतो. आपण कर भरतो, बिल भरतो आणि प्रत्येक खिडकीवर परके.

उद्यमबाग

प्रत्येक गोष्टीत सीमावाद आणू नका. कंपन्या एरिया वाटून देतात. एका डीलरच्या गावात दुसऱ्याचा माणूस गेला तर त्याचे पैसे निघत नाहीत. सावंतवाडीचं गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, त्यालाही मला हेच सांगावं लागतं. त्यात मराठी-कन्नड काही नाही.

निपाणीकर

म्हणजे तुम्हीही तेच सांगता! आणि वर मला सांगता की सीमेचा प्रश्न नाही? एरियाची रेघ कुठून जाते? राज्याच्या हद्दीवरूनच ना? चार महिने आईनं सोसलं, तिला जाऊन समजवा की हा वाद नाही, एरिया आहे.

खानापूर शिक्षिका

निपाणीकर दादा, तुमच्या आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण एक कामाचं सांगते. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तू कोल्हापूरहून घेतलेली असली तरी तुम्ही बेळगावात दावा लावू शकला असता. माझ्या बहिणीनं फ्रिजसाठी लावला होता. नोटीस गेल्यावर कंपनीचा माणूस स्वतःहून आला.

आता मूळ विषयाचं. टिळकवाडीकर, तुमचा लेख वाचून मला राग आला. कारण तुम्ही सगळं पैशात मोजलंत.

आमच्याकडे सोलर होतं. पण खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर सोलर असून नसल्यासारखं. दोन काचनळ्यांचं खालचं चंदेरी टोक पांढरं पडलं होतं, म्हणजे आतली निर्वात पोकळी गेली. म्हणून जोडीला हीट पंप घेतला, तोही सेकंडहँड. मस्त चालायचा, वीज कमी. तुमच्या मीटरच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. त्याच्या टाकीत मदतीला एक हीटिंग कॉइल असते, ती तडकली. एप्रिल महिना, आमची जमीन जांभ्याची, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक. सासरे अंघोळीला बसले, ओल्या हातानं नळ धरला आणि भिंतीवर फेकले गेले. वाचले. पण त्यानंतर सहा महिने त्यांनी नळाला हात लावला नाही. तांब्यानं बादलीतलं पाणी घ्यायचे, तेही मी आधी बोट बुडवून दाखवल्यावर.

पंप त्या दिवशीही अडीच युनिटच घेत होता.

टिळकवाडीकर

बाई, तुमच्या सासऱ्यांचं वाचून गलबललं. पण हा दोष जुन्या पंपाचा की अर्थिंगचा? नवा पंप घेऊन तो त्याच कोरड्या खड्ड्याला जोडला असता तरी कॉइल तडकल्यावर हेच झालं असतं. यावर उपाय तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, आणि खड्ड्यात पाणी. ऐंशी हजारांचा पंप हा त्यावरचा उपाय नव्हे.

खानापूर शिक्षिका

कॉइल का तडकली? नऊ वर्षांचा चुना तिच्यावर बसला होता म्हणून. वय मोजायचं नाही म्हणता, मग हा चुना कशानं मोजायचा? तुमच्या घरात कोणी भिंतीवर फेकलं गेलं नाही म्हणून तुम्ही इतक्या शांतपणे लिहू शकता.

उद्यमबाग

बाईंचं बरोबर आहे. आरसीसीबी लावा, पण ती प्राण वाचवते, टाकी वाचवत नाही.

आणि माझी भूमिका नीट मांडतो, म्हणजे मला विक्रेत्यांच्या रांगेत बसवू नका. दहा वर्षांचा नियम मीही मानत नाही. कपॅसिटर, काँटॅक्टर, पंखा, सेन्सर हे कितीही जुन्या मशीनला बदलावं. बोर्ड मिळत असेल तर बदलावा, आधी व्होल्टेज सुधारून. कॉम्प्रेसर गेला आणि टाकी आठ वर्षांच्या पुढची असेल, तर मी स्वतः गिऱ्हाईकाला नको म्हणतो. कारण नवा कॉम्प्रेसर बसवायचा आणि दीड वर्षानं टाकी फुटायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गिऱ्हाईक शिव्या मलाच देतं. टाकी गळली तर मग काही विचारायचंच नाही. तिला वेल्डिंग करून देणारे आपल्या उद्यमबागेत भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. आतलं एनॅमल जळतं, बाहेरचं फोम भिजतं आणि सहा महिन्यांत परत तेच.

वडगाव माग

शेजारी म्हणतो, वीज फुकट आहे तर पंपच कशाला, साधा गीझर लाव. त्याला काय सांगू?

टिळकवाडीकर

पाच माणसांना रोज दोनशे लिटर, म्हणजे ७ युनिट. महिन्याचे २१०. फुकटची मर्यादा एकट्या गीझरनं ओलांडली, दिवा-पंखा अजून लावायचाय. दोन माणसांचं घर असेल तर गीझर पुरे, तिथे माझा काही आग्रह नाही.

निपाणीकर

शिक्षिकाबाई, आयोगाचं मला चार वर्षांपूर्वी कोणी सांगितलं नाही. आता वॉरंटी संपली. पण पुढचा पंप मी बेळगावातूनच घेणार, लांब पडलं तरी. उद्यमबाग, तुम्ही निपाणीला येता का? की तोही एरिया दुसऱ्याचा?

उद्यमबाग

येतो. जाण्यायेण्याचं पेट्रोल वेगळं घेईन, आधीच सांगतो.

टिळकवाडीकर

चार दिवसांनी लिहितोय. रविवारी टाकी रिकामी करून कांडी काढली. कांडी उरलीच नव्हती, हातात नुसती तार आली. तळातून दीड बादली पांढरा गाळ निघाला. उद्यमबागेच्या प्रश्नाचं उत्तर, अकरा वर्षांत एकदाही बदलली नव्हती. मला त्या भागाचं नावही माहीत नव्हतं. टाकीबद्दल मी चुकलो, मान्य करतो. आरसीसीबी सोमवारी बसवली, तारांच्या भोकात सिलिकॉनही भरलं.

कांडी नवी घातली. रीडिंग २.८ येतंय. पंप काढणार नाही.

उद्यमबाग

कांडी नसताना टाकी किती वर्षं उघडी पडली होती हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. खालच्या वेल्डला बाहेरून तांबडा डाग आहे का, टॉर्च मारून बघा. असेल तर जूनच्या आधी बदला. पावसात गच्चीवर नवी टाकी चढवायला माझी पोरं तयार होत नाहीत.

टिळकवाडीकर

टॉर्च मारली. एक आहे, रुपयाएवढा.

खानापूर शिक्षिका

मग जूनची वाट कशाला बघताय?

टिळकवाडीकर

डाग कोरडा आहे. खडूनं कडा आखून ठेवलीय. ओला झाला किंवा खडूच्या बाहेर गेला, त्या दिवशी उद्यमबागेला फोन करेन.