मदत हवी आहे: भाऊ २३ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. पुण्यात खेळायला गट कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारते आहे. आम्ही सिंहगड रोडला, आनंदनगरमध्ये राहतो. अठराव्या वर्षापर्यंत तो विशेष शाळेत होता. तिथे रोज पाऊण तास मैदानावर खेळ घ्यायचे. शाळा संपली तसं मैदानही सुटलं. आता सकाळी कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला जातो. काम त्याला आवडतं, पण ते बसूनच करायचं. पाच वर्षांत सोळा किलो वजन वाढलंय, थायरॉइडची गोळी चालू आहे.

संध्याकाळी साडेपाच वाजले की तो बूट घालून दाराशी उभा राहतो. वेलक्रोचे बूट, पट्टा दोनदा उघडून परत घट्ट लावतो. खाली सोसायटीत मुलं बॅडमिंटन खेळतात. हा कडेला उभा राहून टाळ्या वाजवतो आणि शटल बाहेर गेलं की धावत जाऊन आणून देतो. मुलं चांगली आहेत, 'दादा, थँक्यू' म्हणतात, कधीकधी दोन फटके मारूही देतात. पण ते पॉइंट मोजत नाहीत. लहानपणी आपण बारक्या भावंडांना लिंबूटिंबू म्हणून खेळायला घ्यायचो ना, ज्याच्यावर कधी राज्यच येत नाही, तसं. हा २३ वर्षांचा आहे आणि अजून लिंबूटिंबूच आहे. परवा वर आला आणि मला म्हणाला, "ताई, मी कधी आउट होणार?" तेव्हापासून मला चैन नाही.

पोहण्याचा प्रयत्न करून झाला. शाळेत असताना तो पोहायला शिकलाय, पंचवीस मीटर न थांबता जातो. आमच्या भागातल्या एका तलावावर चौकशी केली. फॉर्म भरला, मानेच्या एक्स-रेचा रिपोर्टही जोडला. (डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. तसं निघालं तर सूर मारणं, बटरफ्लाय, कोलांटउड्या बंद ठेवायला सांगतात. याचा एक्स-रे नीट आहे, तरी डॉक्टरांनी सूर मारू नको म्हटलंय आणि तो ते पाळतो.) तिथल्या गृहस्थांनी रिपोर्ट उघडलाच नाही. "बाकीच्या पालकांना चालणार नाही, जबाबदारी कोण घेणार?" एवढंच बोलले. आई शेजारी उभी होती. भावाचा निळा गॉगल त्याच्या कपाळावर चढवलेला होता. रिक्षात बसल्यावर त्याने तो काढून आईच्या पर्समध्ये ठेवला, आणि तेव्हापासून तो तिथेच आहे.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा मी वाचला आहे. त्यातलं कलम ३० खेळातल्या सहभागाबद्दलच आहे. भांडायची वेळ आली तर भांडेन. पण भांडून मिळालेल्या बॅचमध्ये त्याच्याशी कोणी बोललं नाही तर काय उपयोग?

ओळखीचे लोक दिव्यांग जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतात. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक्समध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवणारे पेटकर आमच्याही घरात आदराचे आहेत. पण आम्हाला पदक नको आहे. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी त्याला समवयस्कांबरोबर खेळता यावं, त्याचे पॉइंट मोजले जावेत आणि तो हरलाही पाहिजे.

प्रौढांना घेणारा असा गट कोणाला माहीत आहे का? शाळांचे उपक्रम सापडतात, पण ते अठराच्या आतल्यांसाठी असतात. स्वारगेट, सहकारनगर, कोथरूड इथवर जमेल. आई ६१ वर्षांची आहे, तीच बसने नेणार, त्यामुळे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रोज जाणं शक्य नाही. फी देऊ. आईला तिथे थांबायचं असेल तर तेही चालेल.

– आनंदनगरची ताई

मैदानवाले सर: ताई, मी विशेष शाळेत क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. स्पेशल ऑलिंपिक्स आणि पॅरालिंपिक्स या दोन वेगळ्या वाटा आहेत, आधी तेवढं लक्षात घ्या. तुमच्या भावाची वाट स्पेशल ऑलिंपिक्सची, ती बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठीच आहे. आठव्या वर्षापासून स्पर्धेत उतरता येतं, वरची वयोमर्यादा नाही. तिथे वय, स्त्री-पुरुष आणि कुवत पाहून गट पाडतात, म्हणजे साधारण बरोबरीचेच समोरासमोर येतात. तिथे लिंबूटिंबू कोणी नसतं, हरणारा खराच हरतो. 'युनिफाइड' प्रकारात बौद्धिक दिव्यांगत्व नसलेला जोडीदारही त्याच संघात खेळतो, म्हणजे तुम्ही स्वतः त्याच्या जोडीला उतरू शकता. स्पेशल ऑलिंपिक्स भारतच्या महाराष्ट्र शाखेकडे चौकशी करा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि तो एक्स-रे जवळ ठेवा.

गट मिळेपर्यंत बोची सुरू करा. दोन रंगांचे चार-चार मोठे बॉल आणि एक लहान. लहान बॉल आधी टाकायचा, मग ज्याचे बॉल त्याच्या जास्त जवळ त्याला पॉइंट. नियमाचं कोर्ट १२ बाय ६० फूट असतं, पण सोसायटीच्या पार्किंगमधली मोकळी पट्टीही चालते. बोचीया हा वेगळा खेळ, त्यात चामड्याचे सहा लाल, सहा निळे बॉल असतात आणि तो बसून खेळतात. दुकानात गल्लत होते, म्हणून सांगितलं.

वारज्याची आई: माझी मुलगी २६ची. तुमचं शटलचं वाचून रडूच आलं. एक सुचवू? त्याच्या शाळेतल्या जुन्या मित्रांच्या आयांना फोन करा. त्या सगळ्यांची मुलं आत्ता घरीच बसलेली असतील. आम्ही येऊ.

आनंदनगरची ताई: सर, मनापासून आभार. स्पर्धेतल्या गटांचं मला काहीच माहीत नव्हतं. वारज्याच्या काकू, काल रात्री आईने जुनी डायरी काढून पाच घरी फोन केले. तिघी हो म्हणाल्या, एकीचा मुलगा आता सोलापूरला असतो, एकीचा नंबर लागला नाही. तुमची मुलगी धरून पाच जण झाले. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी रविवारी सकाळी ८ ते १० पार्किंगची मागची बाजू मोकळी ठेवतो म्हटलंय. बॅडमिंटनच्या मुलांपैकी दोघं जोडीदार व्हायला तयार आहेत.

आता अडलंय ते बॉलवर. डेक्कनवरच्या दोन दुकानांत विचारलं, त्यांनी बोचीयाचेच दाखवले. बोचीचा वापरलेला संच कोणाकडे असेल किंवा पुण्यात कुठे मिळतो ते माहीत असेल तर रविवारच्या आत कळवा. भावाने भिंतीवर खडूने आत्ताच दोन रकाने आखून ठेवलेत, एकावर त्याचं नाव आहे.