प्रतिसाद: श्रीमंतांची कुरकुर, पण फक्त तेवढीच नाही

'कॅटलन अस्मिता म्हणजे स्पेनमधल्या कॅटलोनिया या श्रीमंत प्रांताची कुरकुर, कामगारांचा तिच्याशी काय संबंध?' हा मुद्दा अर्धाच पटला. सुरुवातीच्या काळापुरता तो बराचसा खरा आहे. कॅटलन नेता कांबोचा स्वायत्ततावादी 'लीगा' पक्ष कारखानदारांचा, तर १९१० साली कॅटलोनियाच्या राजधानीत, बार्सिलोनात स्थापन झालेली सेएनते ही अराजकतावादी कामगार संघटना. तिला ना माद्रिदचं सरकार हवं होतं, ना बार्सिलोनाचं.

१९१९चा 'ला कॅनडिएन्स'चा संप बघा. कंपनी विजेची, मुख्यालय टोरांटोला, म्हणून हे नाव. आठ कारकुनांना काढलं, बाकीच्यांनी काम थांबवलं आणि बघता बघता शहर अंधारात गेलं, ट्राम ठप्प. छापखान्यातले कामगार तर संपाविरुद्धचा मजकूर जुळवायलाच नकार देत! ४४ दिवसांचा संप, आणि एप्रिलमध्ये आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला. तेव्हा लीगावाले कुठे होते? सोमातेन या सशस्त्र नागरी दलाच्या बंदुका खांद्यावर घेऊन गस्त घालत. १९२३ साली याच मंडळींनी प्रिमो दे रिव्हेराच्या लष्करी बंडाचं स्वागत केलं, आणि त्याने कॅटलन झेंडा व मांकोमुनिताट (कॅटलोनियाची मर्यादित स्वशासन संस्था) दोन्ही गुंडाळले. चांगलीच अद्दल घडली म्हणायची.

पण हुकूमशहा फ्रँकोच्या काळात चित्र पालटलं. दक्षिण स्पेनमधल्या अँडालुसियातून पोटासाठी आलेले, घरी स्पॅनिश बोलणारे सेआतच्या मोटार कारखान्यातले कामगार आणि भूमिगत कम्युनिस्ट यांनी स्वायत्ततेची मागणी आपली मानली. १९७१च्या 'कॅटलोनिया सभे'त, म्हणजे फ्रँकोविरोधकांच्या संयुक्त मंचात, कामगार संघटनाही होत्या. हा भाग वगळून नुसती श्रीमंतांची कुरकुर कशी म्हणायची?