मदत हवी आहे : न मरणाऱ्या बाईची आखाजी

नमस्कार मंडळी. तापीकाठच्या गावात घडणारी एकांकिका लिहितेय. नायिका अमर आहे, अंगात दहा माणसांचं बळ, कसलीही जखम भरून येते. तिला मात्र पिकलेले केस हवेत, गुडघेदुखी हवी, चारचौघींसारखं म्हातारपण हवं.

आपल्याकडे अमर म्हटलं की अस्तंबा डोंगरावरचा अश्वत्थामा आठवतो. सातही चिरंजीव पुरुषच. बाईला हे अमरपण जास्त जड जात असेल असं मला वाटतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणत झोके घेतात; हिचं माहेर कधीच संपलं. त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात; हिची लेकरं, नातवंडं गेली, त्यांच्या नावाची घागर हीच भरते. हिच्या नावाने कोण भरणार? हा प्रवेश मला खरा उतरवायचाय.

म्हणून विचारते : तुमच्याकडे आईने लेकराच्या नावाने घागर भरलेली चालते का, की ते घरातल्या पुरुषानेच करायचं? माहेर न उरलेल्या बाईला आखाजीला कोण बोलावतं? आणि तिचे संवाद अमळनेर-धरणगाव भागातल्या अहिराणीत कुणी तपासून देईल का? घरातल्या आजी-आत्यांना विचारून सांगितलंत तर फारच बरं होईल.