३५० व्ही-८ला २३० अंशांचा कॅम?

३५० घन इंचांच्या व्ही-८ इंजिनात २३० अंशांचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकावा का, असं वर विचारलंय म्हणून सांगतो: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, स्टॉक (कंपनीचा मूळ) टॉर्क कन्व्हर्टर आणि मागच्या अॅक्सलचा ३.०८चा गिअर तसाच ठेवणार असाल, तर २३० अंशांचा (लिफ्टर, म्हणजे कॅमवर टेकणारा भाग, ०.०५० इंच उचलल्यावर मोजलेला) कॅम टाकू नका. कॉलेज रोडच्या गर्दीत रांगताना खालचा टॉर्क मिळणार नाही, आयडलला ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पडून ब्रेक पेडल दगडासारखं लागेल. २१० ते २१८ अंश आणि ११२ अंशांचं लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला, म्हणजे कॅमच्या उंचवट्यांमधला कोन) पुरेसं आहे. व्हॉल्व्ह स्प्रिंगा कॅमच्या जोडीच्याच घ्या.

फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेल्या, सपाट लिफ्टरचा) कॅम असेल तर लिफ्टर नवेच हवेत, लोबला मॉली पेस्ट (झीज रोखणारं वंगण), इंजिनात झिंकवालं ऑइल. इग्निशन टायमिंग, रेडिएटर आधीच तयार ठेवा. इंजिन सुरू होताच २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर चालवा. आयडलवर सोडलंत तर लोब झिजून सपाट होतो, कारण त्याला ऑइल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतूनच मिळतं.