मदत हवी आहे: फर्स्ट टाइम होमबायर लोन आणि उत्पन्नाची मर्यादा (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

आम्ही पहिलं घर घ्यायच्या तयारीत आहोत. राज्याच्या हाउसिंग एजन्सीचं, मॉर्गेज रेव्हेन्यू बाँडच्या (घरकर्जांसाठी पैसा उभा करायला काढलेले रोखे) पैशातून मिळणारं कर्ज बघतोय. या बाँडवरचं व्याज गुंतवणूकदारांना करमुक्त असल्यामुळे आपल्याला कर्जाचं व्याज कमी पडतं, म्हणूनच उत्पन्नाची अट आहे. फेडरल नियमाप्रमाणे घरात एक-दोन माणसं असतील तर त्या भागाच्या मध्यम (मीडियन) उत्पन्नाच्या १००% पर्यंत, तीन किंवा जास्त असतील तर ११५%. टार्गेटेड एरियात (सरकारने ठरवलेले आर्थिकदृष्ट्या मागे पडलेले भाग) ती १२० आणि १४०% होते.

आमची अडचण अगदी काठावरची आहे. नवऱ्याचा मूळ पगार मर्यादेत बसतो, पण वेअरहाऊसमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात ओव्हरटाइम प्रचंड असतो आणि त्या पे-स्टबवरून (पगाराच्या स्लिपवरून) वर्षाचा हिशोब केला की आम्ही बाहेर फेकले जातो. लेंडरने नेमक्या त्याच मागितल्यात! वर्षभराची सरासरी धरा असं म्हणता येतं का? एम्प्लॉयरचं पत्र चालतं का?

दुसरं, मी गरोदर आहे, मार्चमध्ये डिलिव्हरी. बाळ आत्ताच मोजतात की जन्मानंतरच? आमच्यासाठी १००% आणि ११५% मधला फरक म्हणजे घर मिळणं किंवा न मिळणं.

आणि रिकॅप्चर टॅक्स (असं स्वस्त कर्ज घेतलेलं घर विकल्यावर त्या सवलतीचा काही भाग परत घेणारा फेडरल कर) कुणाला भरावा लागलाय का? नऊ वर्षांच्या आत नफ्यात विकलं आणि उत्पन्नही बरंच वाढलेलं असेल तरच लागतो, आणि नफ्याच्या निम्म्याहून जास्त नाही, एवढं वाचलंय. काही एजन्सी तो परत देतात म्हणे. तुमच्या एजन्सीने दिला का?

ज्यांनी असं कर्ज घेतलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. लेंडरला पुढच्या आठवड्यात कागद द्यायचेत.