पहिल्याच वर्षी वसतिगृहात एकट्याची खोली : तुमचे अनुभव सांगा

लेकीला यंदा पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. आम्ही डिचोलीचे, कॉलेज दक्षिण गोव्यात. रोज ये-जा करायची तर दिवसातले चार तास कदंब बसमध्येच जातील, म्हणून वसतिगृह. फॉर्मवर 'सिंगल / डबल / ट्रिपल' असा रकाना होता. तिनं मला न विचारताच सिंगलवर खूण केली आणि माझ्या जिवाला घोर लागला. मी पणजीला शिकले तेव्हा आम्ही चौघी एका खोलीत होतो. मला टायफॉइड झाला त्या दिवसांत तिघी आळीपाळीनं रात्री जागल्या होत्या. हिला सांगितलं, तर म्हणते, "आई, मी पहाटे चारला उठून मोठ्यानं वाचते. दुसरीची झोप का मोडू?" तिचंही खोटं नाही.

ज्यांनी पहिल्या वर्षी एकट्यानं खोली घेतली, किंवा मागूनही ज्यांना मिळाली नाही, त्यांनी लिहा. पालकांनीही लिहा.

पेडणे, इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष

मला ती मागून मिळाली नव्हती, उरली म्हणून मिळाली. माझा रूममेट कोल्हापूरचा. नीटच्या पुढच्या फेरीत त्याला मेडिकलची जागा मिळाली आणि सप्टेंबरच्या शेवटी तो सामान घेऊन गेला. त्याच दुपारी मी वॉर्डन सरांना अर्ज दिला : दुसरा विद्यार्थी येईपर्यंत खोलीत एकटा राहू द्यावं. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. जुलैत सगळेच सिंगल मागतात, त्यामुळे तेव्हा कुणालाच मिळत नाही. प्रवेशाच्या फेऱ्या संपतात तेव्हा कुठल्या खाटा रिकाम्या झाल्या ते बघायला जायचं.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या, तीही लेखी : रिकाम्या खाटेचे पैसे कोण भरणार? मी विचारलं नाही. सेमिस्टरच्या शेवटी फरकाची पावती हातात आली आणि बाबांना उसने घ्यावे लागले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फोंडा, बीएस्सी, तिसरं वर्ष

मला टाइप वन मधुमेह आहे, अकराव्या वर्षापासून. दिवसातून चार वेळा इंजेक्शन. चार जणींसमोर पोटावर सुई टोचायची आणि प्रत्येकीला सगळं समजावून सांगायचं, हे मला नको होतं. डॉक्टरांचं पत्र जोडून सिंगल मागितली.

पत्र देताना डॉक्टर म्हणाले, "खोली एकटीची घे, पण रात्र एकटीची नको." रात्री झोपेत साखर ७०च्या खाली गेली तर कधी कधी जागच येत नाही, आणि आतून कडी असेल तर कुणाला आत येता येत नाही. आई ते ऐकून तिथेच रडली. मग वॉर्डन मॅडमनी मार्ग काढला. त्यांच्या क्वार्टरला लागून असलेली खोली दिली, आतली कडी काढून बाहेरून किल्लीनं उघडणारं कुलूप बसवलं, एक किल्ली त्यांच्याकडे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून त्यांच्या फ्रिजच्या दारात माझ्या नावाचा डबा. शेजारच्या खोलीतली मुलगी सावंतवाडीची. तिला मी पहिल्याच आठवड्यात सगळं शिकवलं : मला घाम फुटला, हात थरथरले, मी असंबद्ध बोलायला लागले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, आणि मी बेशुद्ध असले तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ गाडी बोलवायची.

नोव्हेंबरात एका पहाटे तीनला ती वेळ आली. मीच कशीबशी भिंतीवर हात आपटला. ती केस मोकळे, अनवाणी, हातात साखरेचा डबा घेऊन आली. मीटरवर ४८ होते. पेला तिनं धरला होता, माझे दात त्याच्या काठावर वाजत होते, तो आवाज मला आजही ऐकू येतो. आजार असेल तर खोली जरूर मागा, पण पलीकडच्या भिंतीला कोण आहे ते आधी बघा.

काणकोण, एका मुलाचे वडील

आमच्या मुलाला मिळाली नाही. तिघांत राहिला, नीट राहिला. एवढंच.

म्हापसा, आता नोकरीत

मला मिळाली होती, तळमजल्यावरची कोपऱ्याची. आनंदात कुणी खिडकी बघितली नाही. ती पश्चिमेला. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो सगळा वाऱ्याबरोबर त्याच बाजूनं येतो. चवथीला आठ दिवस घरी गेलो, खोली बंद. परत येऊन दार उघडलं तर आंबूस वास अंगावर आला. चामड्याचा पट्टा, बॅग, बुटांच्या आतली बाजू, सगळ्यावर पांढरी बुरशी. आजोबांनी दिलेल्या शब्दकोशाची पानं एकमेकांना चिकटली होती. ती सोडवताना फाटली. दोघं असते तर एक तरी लवकर आला असता, पंखा लागला असता. एकट्याची खोली बंद राहिली की पूर्ण बंद राहते. पावसाळ्यात गावी जाताना किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि कपाटाचं दार उघडं ठेवून जा.

निवृत्त रेक्टर, मडगाव

पालक रागावतात म्हणून सांगतो. रॅगिंगविरोधी नियम २००९चे आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्य तितकं वेगळ्या इमारतीत ठेवा, असं त्यांत आहे. आमच्याकडे सिंगल खोल्या होत्या त्या वरच्या वर्षांच्या इमारतीत. एका नव्या मुलाला तिथं सिंगल द्यायची म्हणजे त्याला सिनिअरांच्या मजल्यावर एकटा सोडायचा. मी ते कधी केलं नाही, शिफारशी आल्या तरी नाही. अंथरुणाला खिळलेल्या, अपंग, आजारी मुलांसाठी तळमजल्यावर दोन खोल्या मात्र मी दरवर्षी राखून ठेवल्या. रॅगिंगचा फोन १८००-१८०-५५२२, मुलांच्या मोबाइलमध्ये आजच घालून द्या.

सत्तरी, बीए, पहिलं वर्ष संपलं

आमचं घर मोठं, नऊ माणसं. आयुष्यात मी एकटी झोपले नव्हते. पहिल्या रात्री दिवा मालवला आणि कुणाच्याच श्वासाचा आवाज येईना. मी उठून पंखा मोठा केला, आवाज हवा म्हणून. पंधरा दिवस जेवण खोलीत आणून जेवले, शीत-कडी (भात-कालवण) थंड व्हायची. मग सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की खाली जायला लागले. आमच्या मजल्यावरच्या तिघी तिथेच पायरीवर बसून उंडो (गोल पाव) चहात बुडवून खायच्या. एकीनं न बोलता सरकून जागा दिली. ऑक्टोबरपासून खोली मला आवडायला लागली, कारण संध्याकाळी दार उघडंच असायचं. यंदाही सिंगलच मागितली आहे.

धागा काढणारी, डिचोली

सगळं लेकीला वाचून दाखवलं. फोंड्याच्या मुलीचं दोनदा. खूण तिनं बदललेली नाही, मीही आता बदल म्हणत नाही. सोमवारी वसतिगृहाच्या ऑफिसात जातोय. विचारायचं लिहून घेतलंय : खोली कुठल्या मजल्यावर, खिडकी कुठल्या दिशेला, कुलूप बाहेरून उघडतं का, रिकाम्या खाटेचे पैसे कुणी भरायचे, शेजारी पहिल्या वर्षाच्याच मुली आहेत का. आणखी काही सुचत असेल तर रविवारपर्यंत लिहा.